स्थलांतरित कुटुंबांतील हिंसा : ऑस्ट्रेलियातील चर्चेचा आढावा

2021 च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियातील 27.6 टक्के लोक देशाबाहेर जन्मलेले आहेत आणि 22 टक्क्यांहून अधिक लोक घरी इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलतात. त्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडखालोखाल भारताचा क्रमांक होता. भारतात जन्मलेल्यांची संख्या 6 लाख 73 हजारांच्या पुढे होती. त्यात पंजाबी, गुजराती, मल्याळी आहेत, तसे मेलबर्न-सिडनीच्या उपनगरांत स्थिरावलेले मराठी लोकही आहेत. या घरांमध्ये हिंसा होते तेव्हा ती रोखायची कुणी आणि कशी, यावर तिथे चाळीसेक वर्षे बोलले जात आहे. गेल्या दहा वर्षांत त्या बोलण्यातून आयोग नेमले गेले, कायदे झाले, निधीही आला. तरीही काही मूलभूत मुद्द्यांवर जाणकारांचे एकमत झालेले नाही. महाराष्ट्रातही कितीतरी घरांत मुलगी तिकडे आणि माहेर इकडे अशी स्थिती असल्यामुळे ही चर्चा आपल्याला परकी नाही.

चर्चेची सुरुवात

स्थलांतरित स्त्रियांनी स्थलांतरित स्त्रियांसाठी संस्था काढण्याची लाट 1970 च्या दशकाच्या अखेरीस आली. लंडनमध्ये 1979 साली ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ उभी राहिली, न्यू जर्सीत 1985 साली ‘मानवी’. मेलबर्नमध्ये 1978 पासून दुभाषी आरोग्यशिक्षिका कारखान्यांत जाऊन कामगार स्त्रियांशी त्यांच्या भाषेत बोलू लागल्या. आजचे ‘मल्टिकल्चरल सेंटर फॉर विमेन्स हेल्थ’ त्या कामातून वाढले. पुढे 1984 साली त्याच शहरात स्थलांतरित स्त्रियांवरील घरगुती हिंसेसाठी स्वतंत्र संस्था निघाली. आज ती ‘इनटच’ या नावाने ओळखली जाते.

या कामामागे एक कडवट अनुभव होता. मुख्य प्रवाहातल्या स्त्रीचळवळीने आसरागृहे उभारली, पण ती इंग्रजी बोलणाऱ्या बाईला समोर ठेवून. अमेरिकन कायदेपंडित किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1991 च्या आपल्या गाजलेल्या निबंधात अशाच एका स्पॅनिशभाषक बाईची हकिकत दिली आहे. जिवाच्या भीतीने घर सोडलेल्या त्या बाईला एका आसरागृहाने इंग्रजी येत नाही म्हणून प्रवेश नाकारला. वंश, लिंग, भाषा, नागरिकत्व यांचा मार एकाच माणसावर एकाच वेळी पडतो आणि एकाच कारणासाठी बनवलेली यंत्रणा तिथे अपुरी पडते, हा त्यांचा मुद्दा आज ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ प्रत्येक सरकारी आराखड्यात उतरला आहे.

ऑस्ट्रेलियात हा विषय घराघरांत पोहोचला तो फेब्रुवारी 2014 मध्ये. व्हिक्टोरिया राज्यातील टायॅब या गावी अकरा वर्षांच्या ल्यूक बॅटीला त्याच्या वडिलांनी क्रिकेटच्या सरावाच्या मैदानावर मारून टाकले. त्याची आई रोझी बॅटी हिने दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर बोलायचे धैर्य दाखवले आणि वर्षभरात देशाचे राजकारण या प्रश्नाभोवती फिरू लागले. 2015 मध्ये व्हिक्टोरियाने मार्शिया नीव्ह यांच्या अध्यक्षतेखाली राजआयोग नेमला. मार्च 2016 च्या अहवालात 227 शिफारशी होत्या. सगळ्या शिफारशी अमलात आणल्याचे राज्य सरकारने 2023 मध्ये जाहीर केले. राज्यभर उघडलेली ‘ऑरेंज डोअर’ ही मदतकेंद्रे त्यांचे सर्वांत दिसणारे फळ. भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयोगाने स्वतंत्र प्रकरण लिहिले होते, आणि आजचे वाद बरेचसे त्या प्रकरणातल्या प्रश्नांवरूनच चालतात.

मोजणीचा पेच

पहिला वाद मोजणीचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी विभागाच्या व्यक्तिगत सुरक्षा पाहणीनुसार दर सहा स्त्रियांपैकी एकीला वयाच्या पंधराव्या वर्षानंतर सोबत राहणाऱ्या जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागली आहे. पण ही पाहणी मुख्यतः इंग्रजीत होते. जिला इंग्रजी येत नाही, जिचा फोन नवऱ्याच्या हातात असतो, जी अनोळखी सरकारी माणसाला घरातली गोष्ट सांगणार नाही, ती या आकड्यात फारशी येतच नाही. त्यामुळे बिगर-इंग्रजी देशांत जन्मलेल्या स्त्रियांमध्ये हिंसेचे प्रमाण कमी दिसले, तर ते खरोखर कमी आहे की फक्त नोंदले गेले नाही, हे त्या पाहणीवरून ठरत नाही.

2021 मध्ये मोनॅश विद्यापीठ आणि ‘हार्मनी अलायन्स’ यांनी स्थलांतरित व निर्वासित स्त्रियांची स्वतंत्र पाहणी केली. तिच्यात सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाची कौटुंबिक हिंसा सोसल्याचे सांगितले. मात्र प्रश्न वेगळे, नमुना वेगळा, हिंसेची व्याख्या अधिक व्यापक. म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. शिवाय इराकमधून आलेली निर्वासित विधवा आणि पुण्याहून गेलेली संगणक अभियंता एकाच रकान्यात बसवल्या की सरासरी निघते, पण धोरण आखायला ती कामाची राहत नाही. ‘स्थलांतरितांमध्ये हिंसा जास्त असते’ आणि ‘सगळीकडे सारखीच असते’ ही दोन्ही विधाने सभांमधून ठामपणे केली जातात. उपलब्ध माहितीवरून दोन्हींना पुरेसा आधार मिळत नाही, असे मला वाटते.

व्हिसा नावाचे हत्यार

मतभेदांच्या या गर्दीत एका गोष्टीवर मात्र संशोधकांचे बऱ्यापैकी एकमत आहे. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बाईची असुरक्षितता मोठ्या प्रमाणात त्या व्हिसातून येते. मोनॅशच्या मरी सेग्रेव्ह यांनी 2017 मध्ये ‘इनटच’कडे आलेल्या, तात्पुरता व्हिसा असलेल्या 300 स्त्रियांच्या प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट म्हणजे धमकी : तुझा व्हिसा रद्द करतो, तुला परत पाठवतो, मुले इथेच राहतील. व्हिसा रद्द करण्याचा अधिकार नवऱ्याला नसतो, तो सरकारच्या खात्याला असतो. पण चार महिन्यांपूर्वी विमानातून उतरलेल्या, सगळे अर्ज नवऱ्याने भरलेल्या बाईला हे कुणी सांगितलेले नसते.

कायद्यात यावर उतारा आहे. जोडीदार-व्हिसावर आलेल्या व्यक्तीचा संसार हिंसेमुळे मोडला, तर तिचा कायम वास्तव्याचा अर्ज बाद होऊ नये, अशी तरतूद ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकापासून आहे. तिचा लाभ घ्यायला काय लागते ते जवळून पाहण्यासारखे आहे. न्यायालयाचा आदेश नसेल तर बाईने प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि सोबत डॉक्टर, पोलीस, समाजकार्यकर्ती, आसरागृह अशांकडून किमान दोन पुरावे जोडायचे. त्याआधी संसार खरा होता हे सिद्ध करायचे. त्यासाठी दोघांच्या नावावरचे बँकखाते, भाडेकरार, वीजबिल, एकत्र फोटो हवेत. आता ज्या घरात नवऱ्याने बायकोचे नाव खात्यावर घातलेच नाही, करारावर सही फक्त त्याची, आणि डॉक्टरकडे जातानाही तोच सोबत, त्या घरातून ही कागदपत्रे यायची कुठून? जुलमाच्या याच रीतीमुळे जुलमाचा पुरावा तयार होत नाही, ही अडचण वकील आणि कार्यकर्त्या वर्षानुवर्षे मांडत आहेत.

विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या, किंवा शिकणाऱ्या नवऱ्याच्या व्हिसाला जोडून आलेल्या बाईला तर ही तरतूद लागूच होत नाही. अलीकडे तिचा आवाका आणखी काही व्हिसांपर्यंत वाढवला गेला, पण ही मोठी फट उरली आहे. अशा बाईला बेकारभत्ता नाही, सरकारी आरोग्यसेवा नाही. तिला ठेवून घेतले तर तिचा सगळा खर्च आसरागृहाला आपल्या तुटपुंज्या निधीतून करावा लागतो. 2021 मध्ये केंद्र सरकारने हिंसेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी 5,000 डॉलरपर्यंतची मदत सुरू केली, तेव्हा तात्पुरत्या व्हिसाधारकांना त्यातून वगळून रेडक्रॉसमार्फत 3,000 डॉलरपर्यंतची वेगळी प्रायोगिक योजना दिली गेली.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. तरतूद सैल केली तर व्हिसासाठी खोट्या तक्रारी वाढतील, अशी चिंता काही पुरुषसंघटना आणि काही अधिकारी व्यक्त करतात. कार्यकर्त्या म्हणतात की तक्रार केल्यावर बाई माहेर, समाज, कधी मुलेही गमावून बसते. एवढी किंमत मोजून खोटे बोलण्याचे प्रमाण फार असणे त्यांना संभवत नाही. हा वाद मुख्यतः अनुभवाच्या आधारे चालतो.

संस्कृती : कारण की सबब?

अमेरिकन तत्त्वज्ञ सुझन मोलर ओकिन यांनी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात विचारलेला प्रश्न अजून चर्चेत आहे : अल्पसंख्य समाजांना सांस्कृतिक हक्क देताना त्या समाजांतल्या स्त्रियांचे नुकसान होते का? याच सुमारास, 1997 मध्ये, भारतीय स्त्रीवादी अभ्यासक उमा नारायण यांनी उलट बाजूने बोट ठेवले. भारतात बाई जाळली की तिला ‘हुंडाबळी’ म्हणून संस्कृतीचे लेबल लागते; अमेरिकेत नवऱ्याने बंदुकीने मारले की तो एका माणसाचा गुन्हा राहतो, अमेरिकन संस्कृती आरोपी ठरत नाही. परदेशी समाजाच्या बाबतीत संस्कृती सगळ्याचे उत्तर म्हणून का पुढे केली जाते, असे त्या विचारतात.

हुंड्याच्या निमित्ताने हा वाद ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष कायद्यात लढला गेला. मेलबर्नच्या मानसोपचारतज्ज्ञ मंजुळा ओकॉनर यांच्याकडे भारतीय तरुणी येत. त्यांच्या दुखण्यामागे हुंड्याच्या मागण्या, दागिने सासरच्यांच्या ताब्यात, कायम वास्तव्य मिळालेल्या मुलासाठी चढवलेला भाव हे सारे असे. ओकॉनर यांनी सह्यांची मोहीम चालवली, राजआयोगाने शिफारस केली, आणि 2018 च्या दुरुस्तीने व्हिक्टोरियाच्या कौटुंबिक हिंसा संरक्षण कायद्यात हुंड्यासाठीची जबरदस्ती आणि सक्तीचा विवाह ही हिंसेची उदाहरणे म्हणून घातली गेली. फेब्रुवारी 2019 मध्ये सिनेटच्या समितीने हुंडाछळावरचा अहवाल दिला. केंद्रीय कौटुंबिक कायद्यातही आर्थिक छळाच्या व्याख्येत हुंड्याचा उल्लेख आला. ही दुरुस्ती जून 2025 पासून लागू झाली.

विरोधकांचे म्हणणे असे होते की आर्थिक छळ कायद्यात आधीच होता, मग एका समाजाची खूण असलेली प्रथा वेगळी का लिहायची? त्याने सगळ्या भारतीयांवर ठपका येतो. समर्थकांचे उत्तर : नाव घेतल्याशिवाय पोलिसाला ती गोष्ट ओळखू येत नाही आणि बाईलाही आपली तक्रार कायद्यात बसते असे वाटत नाही. मला समर्थकांची बाजू अधिक पटते. ऑस्ट्रेलियाने भारतासारखी बंदी न घालता उदाहरण म्हणून उल्लेख करण्याचा मार्ग निवडला, हेही शहाणपणाचे. 1961 च्या आपल्या कायद्यात देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि त्यामुळे मुलीचे आईवडील तोंड उघडायला कचरतात हे आपण पाहिले आहे.

सक्तीच्या विवाहाबाबत मात्र अस्वस्थता वाढली आहे. ऑस्ट्रेलियात तो 2013 पासून गुन्हा आहे. पहिली शिक्षा झाली 2024 मध्ये, व्हिक्टोरियातील एका आईला : मुलीला लग्नाला भाग पाडल्याबद्दल तीन वर्षे. त्या मुलीचा 2020 मध्ये पर्थमध्ये नवऱ्याने खून केला होता. कायद्याने अखेर दात दाखवले असे काहींना वाटले. आता आईवडील तुरुंगात जातील या भीतीने मुली मदतच मागणार नाहीत, असे इतरांना वाटले. फौजदारी खटल्याशिवाय, दिवाणी संरक्षण आदेशातून मुलीला वाचवण्याचे मार्ग वाढवावेत, ही मागणी त्यामुळे जोर धरते आहे.

दारात आलेले पोलीस

भाषेचा प्रश्न सभागृहात सोपा वाटतो. फोनवरच्या दुभाष्यांची सरकारी सेवा चोवीस तास उपलब्ध आहे, मग अडचण काय? अडचण दारात कळते. शेजाऱ्याने फोन केला म्हणून रात्री पोलीस येतात. नवरा सहा वर्षे तिथे नोकरी करतो, त्याचे इंग्रजी सफाईदार. तो शांतपणे सांगतो की बायको चिडचिडी झाली आहे, हातावरचे ओरखडे दाखवतो. ते ओरखडे गळा सोडवून घेताना पडलेले असतात. बाई रडते, आपल्या भाषेत मोठ्याने बोलते. दुभाषी लावण्याऐवजी नऊ वर्षांच्या मुलाला विचारले जाते, आई काय म्हणते? संरक्षण आदेश निघतो तो बाईच्याच विरुद्ध. असे चुकीने आरोपी ठरवण्याचे प्रकार व्हिक्टोरियाच्या सुधारणांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या 2021 च्या अहवालातही नोंदले गेले आहेत, आणि स्थलांतरित व आदिवासी स्त्रियांना त्याचा धोका अधिक आहे.

दुभाषी मिळाला तरी मराठीसारख्या छोट्या समाजात तो ओळखीचा निघण्याची भीती असते. गणपतीत ज्याच्या शेजारी बसून जेवलो, त्याच्या तोंडून आपली तक्रार न्यायालयात जाणार या कल्पनेने बाई गप्प होते. म्हणून दुसऱ्या राज्यातला, फक्त फोनवर बोलणारा दुभाषी मागण्याचा हक्क तिला समजावून सांगावा लागतो.

या पार्श्वभूमीवर सततच्या दहशतीने माणसाला ताब्यात ठेवण्याला स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरवण्याचा वाद पाहावा. न्यू साउथ वेल्समध्ये तो कायदा 1 जुलै 2024 पासून लागू आहे, क्वीन्सलँडमध्ये मे 2025 पासून. पगार काढून घेणे, फोन तपासणे, माहेरी बोलू न देणे, पासपोर्ट लपवणे : स्थलांतरित घरांत मारहाणीशिवाय चालणारा छळ यात पकडला जाईल, ही आशा. पण जिथे मारहाणीतही पोलीस चुकतात, तिथे वर्षानुवर्षांच्या वागणुकीचा अर्थ ते दुभाष्याविना कसा लावणार, ही शंका. व्हिक्टोरियाने आतापर्यंत दिवाणी कायद्यावरच भर दिला आहे.

समाजाच्या पुढाऱ्यांचे काय?

मंदिर, मशीद, चर्च, भाषिक मंडळे यांना बरोबर घ्यावे की नाही, यावर संस्थांमध्येच दोन तट आहेत. बाई पोलिसांकडे जाण्याआधी मंडळातल्या एखाद्या वडीलधाऱ्या काकूंकडे किंवा पुजाऱ्याकडे जाते. म्हणून त्यांना प्रशिक्षण द्या, असे एक मत. व्हिक्टोरियात धर्मगुरूंना प्रशिक्षण देण्याचे उपक्रम झालेही. दुसरे मत असे की ही नेतृत्वे बहुतेक पुरुषांची असतात आणि त्यांचा कल ‘जमवून घे’ कडे असतो. ब्रिटनमध्ये सक्तीच्या विवाहावरच्या सरकारी गटातून साउथॉल ब्लॅक सिस्टर्सने अंग काढून घेतले, ते समेटाला पर्याय म्हणून मान्यता देण्यावरूनच. समेटाच्या बैठकीतून बाईला पुन्हा त्याच घरी पाठवले जाते, हा त्यांचा अनुभव होता.

पुरुषांबरोबरच्या कामाचीही अशीच गोष्ट आहे. ‘इनटच’ स्थलांतरित पुरुषांसाठी त्यांच्या परिस्थितीला धरून वर्तनबदलाचा कार्यक्रम चालवते. परदेशात नोकरीत घसरलेला दर्जा, वंशभेद, एकटेपणा यांवर बोलल्याशिवाय पुरुष ऐकत नाही, असे तिथले कार्यकर्ते सांगतात. याने हिंसेला सबबी मिळतात, असा आक्षेप आहे. कार्यक्रमांचा परिणाम किती टिकतो, यावरचा पुरावा एकूणच तुटपुंजा आहे.

या सगळ्यात सासूसासरे बहुधा आरोपी म्हणूनच येतात, पण मुलांनी नातवंडे सांभाळायला बोलावून घेतलेले वृद्ध आईवडीलही या घरांत आहेत. घर विकून पैसे मुलाच्या हाती दिलेले, गाडी चालवता न येणारे, भाषा न येणारे. 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत 65 वर्षांवरच्या सुमारे सहा जणांत एकाने गेल्या वर्षभरात छळ झाल्याचे सांगितले. स्थलांतरित वृद्धांकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

हिंसा होण्याआधी

हिंसा घडूच नये यासाठीच्या कामाचा पाया म्हणजे ‘अवर वॉच’ या राष्ट्रीय संस्थेचा 2015 चा आराखडा. स्त्री-पुरुष विषमता हे हिंसेचे मूळ, म्हणून शाळा, कामाची ठिकाणे, खेळ, माध्यमे यांतून वृत्ती बदलायची. 2021 च्या आवृत्तीत वंशभेद आणि वसाहतवादाच्या परिणामांना अधिक जागा मिळाली. राष्ट्रीय वृत्ती-पाहण्यांनीही या दिशेला बळ दिले : माणूस कुठल्या देशातून आला यापेक्षा स्त्री-पुरुष समतेविषयी त्याचे मत काय, यावरून हिंसेविषयीची त्याची भूमिका अधिक ओळखता येते.

2024 मध्ये पत्रकार जेस हिल आणि संशोधक मायकेल सॉल्टर यांनी या पायालाच हात घातला. वृत्ती सुधारल्याने हिंसा आपोआप घटत नाही. बालपणीचा छळ, दारू, जुगार यांच्याकडे दुर्लक्ष झाले, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटानेही प्रतिबंधाची कल्पना रुंद करण्याची शिफारस केली. या वादात स्थलांतरितांच्या बाजूने एक तिसरा सूर उमटतो. बाईच्या हातात पैसा, भाषा आणि वास्तव्याचा स्वतंत्र हक्क असेल तर तिला वेळीच बाहेर पडता येते. मग व्हिसाचे नियम हेच प्रतिबंधाचे काम का मानू नये? मला हा सूर सर्वांत सबळ वाटतो. पण केवळ त्यानेही भागणार नाही, कारण नागरिकत्व मिळालेल्या घरांतही हिंसा चालू राहते.

दोन देशांच्या मध्ये

उरलेले प्रश्न एका सरकारच्या हद्दीत मावत नाहीत. बायकोला सुट्टीला म्हणून मायदेशी नेऊन, पासपोर्ट काढून घेऊन तिथेच सोडून येण्याचे प्रकार भारतीय कुटुंबांत नोंदले गेले आहेत. ऑस्ट्रेलियात अशा प्रकाराला देशाबाहेर फसवून पाठवण्याचा गुन्हा लागू शकतो आणि सुदानमध्ये बायको-मुलांना सोडून आलेल्या व्हिक्टोरियातील एकाला 2024 मध्ये शिक्षाही झाली. पण पुण्यात अडकलेल्या बाईने मेलबर्नमध्ये तक्रार कशी करायची, याची सुटसुटीत वाट नाही. इकडे भारतीय न्याय संहितेच्या 85 व्या कलमाखाली गुन्हा नोंदवला तरी आरोपी परदेशात असतो आणि खटला रेंगाळतो. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची तीस दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे विधेयक 2019 मध्ये राज्यसभेत आले, ते मंजूर झाले नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 च्या 287 व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली आहे.

ऑस्ट्रेलियात पोलीस, संरक्षण आदेश देणारी न्यायालये, आसरागृहे राज्यांची, व्हिसा केंद्राचा. बाईला रात्री दार उघडून आत घेण्याची जबाबदारी राज्याची, आणि ती किती महिने देशात राहू शकते हे ठरवायचे कॅनबेराने. 2022 ते 2032 या राष्ट्रीय आराखड्याने एका पिढीत हिंसा संपवण्याचे ध्येय ठेवले आहे आणि त्यावर केंद्रासह सगळ्या राज्यांच्या सह्या आहेत. विद्यार्थी-व्हिसावरच्या बाईला त्या ध्येयात जागा कुठल्या नियमाने मिळणार, हा प्रश्न मात्र उरतो.